इम्प्लांटसाठी दंतवैद्य निवडताना या चुका टाळा

पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू आणि त्यावर कृत्रिम दात, बसवायचं ठरलं की माणूस दोन प्रश्न घेऊन दवाखान्यात जातो: किती दिवस लागतील आणि खर्च किती येईल. दोन्ही रास्त आहेत. पण डॉक्टरची निवड फक्त या दोन उत्तरांवर झाली, तर पुढे त्रासाची शक्यता वाढते. हाडात स्क्रू बसवण्याचं काम बहुतेक वेळा तासाभराच्या आत उरकतं. इम्प्लांट किती वर्षं टिकणार, हे मात्र त्याआधीच्या तपासणीवर आणि नंतरच्या देखभालीवर ठरतं. म्हणून ही दोन कामं कोण नेटाने करतो, ते आधी बघा.

फक्त फलक वाचून विश्वास ठेवणं

अनेक देशांत इम्प्लांट ही दंतवैद्यकाची स्वतंत्र, नोंदणीकृत विशेष शाखा नाही. त्यामुळे दोन-चार दिवसांचा कोर्स केलेला डॉक्टर आणि काही वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर, दोघांच्याही फलकावर ‘इम्प्लांट तज्ज्ञ’ असंच लिहिलेलं असू शकतं. या कामाशी प्रामुख्याने तीन शाखांचा संबंध येतो. हिरड्या आणि त्यांखालचं हाड बघणारे पेरिओडॉन्टिस्ट, जबड्याची शस्त्रक्रिया करणारे ओरल सर्जन आणि कृत्रिम दात बसवणारे प्रोस्थोडॉन्टिस्ट. चांगलं प्रशिक्षण घेतलेले जनरल डेंटिस्टही साध्या केसेस उत्तम करतात, त्यामुळे पदवी नुसती मोठी असून भागत नाही आणि छोटी असली म्हणून बिघडत नाही.

सरळ विचारा: इम्प्लांटचं शिक्षण कुठे घेतलं, त्यात प्रत्यक्ष रुग्णांवर काम करायला मिळालं का, आणि माझ्यासारख्या किती केसेस तुम्ही केल्या आहेत? यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. खालची एखादी दाढ बसवणं वेगळं आणि वरचा पुढचा दात बसवणं वेगळं. तिथे हिरडीची कड मिलिमीटरभर वर सरकली तरी हसताना दिसते. संपूर्ण जबडा इम्प्लांटवर उभा करणं तर त्याहून अवघड. अशा प्रश्नांनी चांगला डॉक्टर दुखावला जात नाही. तो जुन्या केसेसचे फोटो आणि एक्स-रे काढून दाखवतो. डॉक्टरची नोंदणी दंतवैद्यक परिषदेकडे चालू आहे का, तेही तपासा. त्याला पाच मिनिटं पुरतात.

थ्रीडी स्कॅनशिवाय होकार देणं

मला विचाराल तर सर्वांत महागात पडणारी चूक हीच. साध्या एक्स-रेमध्ये हाडाची उंची साधारण कळते, जाडी कळत नाही. दात काढल्यावर तिथलं हाड झिजायला लागतं आणि पहिल्या वर्षभरातच त्याची रुंदी जवळजवळ निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते. वरून हिरडी भरलेली दिसते, आत मात्र सुरीच्या पात्यासारखी अरुंद कड उरलेली असते.

सीबीसीटी नावाच्या थ्रीडी स्कॅनमध्ये जबड्याचे आडवे काप बघता येतात. स्कॅन झाल्यावर डॉक्टरांना तो स्क्रीनवर उघडून दाखवायला सांगा. खालच्या जबड्यात एक छोटं गोल छिद्र दिसेल. त्यातून खालचा ओठ आणि हनुवटी यांना संवेदना देणारी नस जाते. इम्प्लांटचं टोक या नसेपासून किमान २ मिलिमीटर लांब राहावं, असा सर्वमान्य दंडक आहे. वरच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. तिथे हाड कमी असेल तर सायनसचा तळ उचलून खाली हाड भरावं लागतं. शेजारच्या दाताच्या मुळापासून दीड मिलिमीटर आणि दोन इम्प्लांटच्या मध्ये साधारण ३ मिलिमीटर अंतर हवं. जो डॉक्टर ही मापं स्क्रीनवर मोजून, इम्प्लांटची लांबी आणि जाडी का निवडली हे सांगतो, त्याने तुमच्या जबड्याचा विचार केलेला आहे. ‘उघडल्यावर बघू’ असं उत्तर आलं, तर तिथून उठा.

घाईला भुलणं

इम्प्लांटचा स्क्रू बहुधा टायटॅनियमचा असतो. हा धातू हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनच्या पर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं ते १९५०च्या दशकात, सशाच्या हाडातून रक्तप्रवाह तपासताना. माणसाच्या जबड्यात त्यांनी पहिले इम्प्लांट बसवले १९६५ साली आणि त्या रुग्णाच्या तोंडात ते चाळीसहून अधिक वर्षं टिकले. हे एकजीव होणं जिवंत पेशींचं काम आहे. त्याला साधारण तीन ते सहा महिने लागतात, हाड भरावं लागलं तर आणखी जास्त.

‘एका दिवसात दात’ ही पद्धत खोटी नाही. हाड घट्ट असेल आणि स्क्रू पुरेशा जोराने पकडला गेला असेल, तर त्याच दिवशी कॅप, म्हणजे स्क्रूवरचा कृत्रिम दात, बसवता येते. पण ती बहुधा तात्पुरती असते. एकटा दात असेल तर तो समोरच्या दाताला टेकणार नाही असा घडवलेला असतो आणि काही आठवडे मऊ खावं लागतं. तुमचं हाड त्यायोग्य आहे का, हे तपासण्याआधीच कुणी एका दिवसाचं वचन देत असेल, तर ते तुमच्या तोंडाकडे न बघता दिलेलं आहे.

आजार आणि गोळ्या न सांगणं

ही चूक रुग्णाची असते, पण ती होऊ न देणं डॉक्टरचं काम. हाडं ठिसूळ झाली म्हणून घेतलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शनं (अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, डेनोसुमॅब) यांचा दातांशी काय संबंध, असं अनेकांना वाटतं. संबंध मोठा आहे. या औषधांमुळे शस्त्रक्रियेनंतर जबड्याच्या हाडाची जखम न भरता ते हाड मरू शकतं. कॅन्सरसाठी मोठ्या मात्रेत घेतली असतील, तर हा धोका फार वाढतो. म्हणून पूर्वी घेतलेली औषधंसुद्धा सांगा आणि कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचंही तसंच. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट न्या.

सिगारेट आणि तंबाखूचं मोकळेपणाने सांगा. धूम्रपानाने इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो, हे पक्कं ठाऊक आहे. रात्री दात खाण्याची सवय असेल तर तीही सांगा, कारण नैसर्गिक दाताभोवती असणारा दाबाची जाणीव देणारा पडदा इम्प्लांटला नसतो. जास्त जोर पडतोय हे तुम्हाला कळतच नाही.

आणि दात हिरड्यांच्या आजारामुळे गेला असेल, तर आधी त्या आजारावर उपचार हवेत. उरलेल्या हिरड्यांतून रक्त येत असताना स्क्रू बसवायला निघालेला डॉक्टर नको. पहिल्या भेटीत यातलं काहीच न विचारणाराही नको.

कंपनीचं नाव विचारून समाधान मानणं

नामांकित कंपनी हवीच, कारण वीस वर्षांनी सुटा भाग लागला तर तो मिळाला पाहिजे. पण चांगला स्क्रू चुकीच्या कोनात बसला तर कंपनी काही करू शकत नाही.

कागद न घेणं

खर्च विचारताना स्क्रू, त्यावरचा अबटमेंट (स्क्रू आणि कॅप यांना जोडणारा भाग), कॅप, स्कॅन, हाड भरणं आणि तात्पुरता दात असा वेगवेगळा लिहून घ्या. जाहिरातीतला आकडा बऱ्याचदा फक्त स्क्रूचा असतो. इम्प्लांट हाडाने धरलाच नाही तर पुन्हा बसवण्याचा खर्च कोणाचा, हेही आधीच ठरू द्या. शस्त्रक्रिया एकाने आणि कॅप दुसऱ्याने बसवायची असेल, तर पुढे काही बिघडल्यावर जबाबदारी कोणाची, तेही विचारा. बाहेरून सर्जन बोलावणाऱ्या दवाखान्यात हे फार गरजेचं. पाकिटावर कंपनी, मॉडेल, माप आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर असतं; त्याची एक प्रत मागून जपून ठेवा. गाव बदललं तरी नव्या डॉक्टरला त्यावरून योग्य भाग मागवता येतो.

बसवून झालाय आणि शंका येतेय?

भूल उतरायची वेळ उलटून गेली तरी ओठ किंवा हनुवटी बधिरच असेल, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी फोन करा. नसेवर दाब आला असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत इम्प्लांट काढणं किंवा थोडा वर घेणं उपयोगी पडू शकतं. नंतर संधी कमी होत जाते. सूज दोन-तीन दिवस वाढून मग उतरायला हवी. चौथ्या-पाचव्या दिवशीही वाढत असेल, पू किंवा ताप असेल, तर जंतुसंसर्गाची शंका घ्या.

काही वर्षांनी दात हलायला लागला तर लगेच धीर सोडू नका. अनेकदा फक्त अबटमेंट धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो घट्ट करता येतो. पण त्यावर चावत राहिलात तर तो तुटतो, म्हणून लगेच दाखवा. हाडातला स्क्रूच हलत असेल, तर मात्र तो बहुधा काढावाच लागतो.

ब्रश करताना इम्प्लांटभोवती रक्त येणं, हिरडी लाल होणं, तोंडाला वास येणं ही दुखण्याआधीची लक्षणं आहेत, कारण तिथलं हाड बऱ्याचदा न दुखता झिजतं. कॅप सिमेंटने चिकटवलेली असेल, तर हिरडीखाली उरलेलं सिमेंटही याचं कारण असू शकतं. अशा वेळी नवा एक्स-रे काढून तो कॅप बसवल्या दिवसाच्या एक्स-रेशी ताडून बघतात. तो पहिला एक्स-रे दवाखान्याकडून आजच मागून घ्या. उत्तरं टाळली जात असतील, तर स्कॅनची फाइल आणि स्टिकरची प्रत घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा.