कॅम्पर व्हॅनवर सोलर लावताय? वायरिंगमधल्या या चुका टाळा

गाडीवर सोलर लावायचं म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, पॅनल किती वॅटचं घेऊ? पुढे बॅटरी चार्ज होत नाही म्हणून बोंबाबोंब होते तेव्हा पॅनल बहुतेक वेळा ठणठणीत असतं, घोळ असतो तो पॅनल आणि बॅटरीच्या मधल्या वायरिंगमध्ये. आपल्याकडे ट्रॅव्हलर किंवा ईको कॅम्पर करायला दिली की वायरिंग करतो एकतर घरांवर सोलर बसवणारा, नाहीतर गॅरेजमधला ऑटो इलेक्ट्रिशियन. दोघंही आपापल्या कामात पक्के, पण हे काम दोघांनाही अर्धंच माहीत असतं आणि उरलेल्या अर्ध्यात ते आपली रोजची सवय लावून मोकळे होतात.

आधी घरांवर सोलर बसवणाऱ्याच्या, म्हणजे घरवाल्याच्या, सवयी बघू. घरांवर लागतं तेच ५४० वॅटचं पॅनल वॅटमागे स्वस्त पडतं म्हणून ट्रॅव्हलरच्या टपावर चढवायचं आणि खाली १२ व्होल्टच्या बॅटरीला सगळ्यात स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर (कंट्रोलर म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणारा डबा, पीडब्ल्यूएम हा त्याचा साधा प्रकार). हे पॅनल साधारण ४१ व्होल्ट आणि १३ अँपिअरवर चालतं, पण पीडब्ल्यूएम त्याला सरळ बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो, म्हणजे १३ व्होल्ट गुणिले १३ अँपिअर, झाले जेमतेम १७० वॅट, बाकीचे पैसे टपावर ऊन खात बसले. शिवाय बरेचसे स्वस्त पीडब्ल्यूएम एवढं व्होल्टेज सहन करतच नाहीत, सरळ जळतात. असं पॅनल लावायचं तर एमपीपीटीच घ्या, हा कंट्रोलर पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज वाया न घालवता बॅटरीसाठी अँपिअरमध्ये बदलतो.

एमपीपीटीवर १००/३० असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातले १०० म्हणजे पॅनलकडून येणारं जास्तीत जास्त व्होल्टेज आणि ३० म्हणजे बॅटरीला मिळणारे जास्तीत जास्त अँपिअर. अशी दोन मोठी पॅनलं सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडली की ओपन सर्किट व्होल्टेज (पॅनलला काहीच न जोडता मोजलेलं) ९९ च्या आसपास येतं आणि माणूस म्हणतो बसतंय की. पण थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं राव, स्पितीत पहाटे गारठलेल्या पॅनलवर पहिलं ऊन पडलं की १०० पार आणि कंट्रोलर कायमचा आडवा.

घरवाल्याची दुसरी सवय जास्त घातक आहे. हाताशी असलेली एसीची (घरातल्या, सतत दिशा बदलणाऱ्या विजेची) एमसीबी तो डीसी (पॅनल-बॅटरीच्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) लाइनला टाकतो. एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून स्विच उघडताना ठिणगी आपोआप विझते, डीसीत तसं होत नाही, ती ठिणगी म्हणजे आर्क चालू राहतो आणि एमसीबी आतून वितळू शकते. डीसी एमसीबीच मागा, आणि तिच्यावर प्लस-मायनसची खूण असेल तर तशीच जोडा.

आता ऑटो इलेक्ट्रिशियन. याचा लाडका प्रकार म्हणजे बारीक वायर, पिळून टेप मारलेले जोड आणि मायनससाठी मिळेल त्या पत्र्याला अर्थिंग. हॉर्नला चालतं हे, चार्जिंगला नाही. समजा कंट्रोलर ते बॅटरी ३ मीटर अंतर आहे, वायर २.५ स्क्वेअर एमएमची आहे आणि २० अँपिअर चाललेत. जाऊन-येऊन ६ मीटर वायरमध्ये जवळजवळ १ व्होल्ट गळतो. कंट्रोलरला वाटतं आपण १४.४ देतोय, बॅटरीला पोचतात १३.४, आणि लेड-ॲसिड बॅटरी अशी रोज अर्धपोटी राहिली की प्लेटवर सल्फेट धरून मरते, मग आपण बॅटरीवाल्याशी भांडतो. तीच वायर १० स्क्वेअरची घेतली तर गळती पाव व्होल्टच्या आत. म्हणून कंट्रोलर बॅटरीच्या जवळ ठेवा, लांब वायर पॅनलच्या बाजूला असू दे, तिथे व्होल्टेज जास्त असल्याने ४ स्क्वेअरची सोलर केबल साधारण पुरते.

हे तपासणं अगदी सोपं आहे. दुपारी जोरात चार्जिंग चालू असताना मल्टिमीटर आधी कंट्रोलरच्या बॅटरी टर्मिनलवर लावा, मग थेट बॅटरीच्या खांबांवर. फरक ०.३ व्होल्टच्या वर गेला तर दोष वायरचा नाहीतर लगचा, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीचा. लगला हात लावून बघा, ढिला असेल तो गरम लागेल.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा, कंट्रोलरच्या शेजारी लावून उपयोग नाही, कारण पत्र्याच्या भोकाला घासून वायर सोलली तर आग बॅटरीच्या ताकदीने लागते. भोकात रबरी ग्रोमेट टाका. जोडताना आधी बॅटरी मग पॅनल, काढताना आधी पॅनल. आणि कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर इन्व्हर्टर जोडू नका हो, १००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर ९० अँपिअरच्या आसपास खेचतो आणि ते टर्मिनल १५-२० साठी असतं. इन्व्हर्टर थेट बॅटरीवर, त्याचा स्वतंत्र फ्यूज लावून.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर कंट्रोलरचं सेटिंग बदलल्याशिवाय गाडी हलवू नका. लेड-ॲसिडचं इक्वलाइज (मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करायचं सेटिंग) चालू राहिलं तर व्होल्टेज १५ च्या वर जातं आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं राखण करणारं सर्किट, बॅटरीचं कनेक्शनच तोडून टाकतं. लडाखला सकाळी चार्जिंग बंद दिसलं तरी घाबरू नका, सेल ० अंशाच्या खाली असले की चांगली बीएमएस मुद्दाम चार्ज घेत नाही. आणि ही बॅटरी इंजिनच्या बॅटरीला साध्या वायरने जोडायची नाही, मधे डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीवरून दुसरी बेताने चार्ज करणारा) लागतो.

उन्हाचंही गणित आहे. मे महिन्यात चंद्रपूरला टपावरच्या पॅनलचे सेल ६५ अंशांवर सहज जातात, मग १८ व्होल्टचं छोटं पॅनल १५ वर येतं, म्हणजे चार्जिंगच्या १४.४ च्या जेमतेम वर, आणि एमपीपीटीला खेळायला जागाच उरत नाही. अशी दोन सिरीजमध्ये लावा आणि खाली हवा खेळेल एवढी फट ठेवा. पत्र्याला चिकटवायची लवचिक पॅनलं मला म्हणूनच पटत नाहीत.

एवढं करूनही स्क्रीनवर ० अँपिअर दिसले तर पॅनलच्या वायर सोडवून व्होल्टेज मोजा. छोट्या पॅनलला २० ते २२ आले तर पॅनल ठीक, उणे आले तर प्लस-मायनस उलटे, काहीच नाही आले तर एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या वायरचा प्लग) नीट टक् करून बसलाय का बघा. व्होल्टेज ठीक असेल तर वायर परत जोडा, फ्रिज किंवा इन्व्हर्टरवर मिक्सर चालू करा. अँपिअर लगेच चढले तर बिघाड काहीच नाही, बॅटरी फुल आहे.