अंडाशयाच्या कॅन्सरचे मार्कर शोधायचेत? आधी तारखा मागा

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर, म्हणजे आजार पुढे कसा जाईल ते सांगणारी खूण, शोधताना मला एक जनुक सापडलं. ज्या गाठींमध्ये ते जास्त सक्रिय दिसत होतं, त्या बायका जास्त जगल्या होत्या. ज्यांच्यात कमी, त्या लवकर गेल्या होत्या. कोणत्या गटातल्या किती जणी कधीपर्यंत हयात होत्या ते दाखवणाऱ्या काप्लान-मायर आलेखातल्या दोन रेघा पहिल्या वर्षापासूनच एकमेकींपासून लांब जात होत्या आणि पी-व्हॅल्यू, म्हणजे असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, अगदी बारीक होती. मी तो आलेख छापून टेबलासमोर लावला, घरी फोन करून आईला सांगितलं. तीन आठवड्यांनी संख्याशास्त्राच्या एक मॅडम आल्या होत्या, त्यांनी तो बघितला आणि एवढंच विचारलं, "यातले ब्लॉक कुठल्या कुठल्या वर्षांचे आहेत गं?"

मला सांगता आलं नाही. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात आणि मग मेणात बसवतात, तो हा ब्लॉक. काडेपेटीपेक्षा किंचित लहान. वर पेन्सिलीने केस नंबर, आणि त्या नंबरातच वर्ष असतं. म्हणजे उत्तर माझ्या हातातून रोज जात होतं. संध्याकाळी बसून मी प्रत्येक नमुन्यापुढे वर्ष लिहिलं आणि दुसऱ्या एका आलेखात प्रत्येक नमुन्याचा ठिपका मांडून त्यांना वर्षाप्रमाणे रंग दिले. जुने सगळे एका बाजूला, नवे दुसऱ्या. जनुक किती सक्रिय आहे हे ज्यावरून मोजतात तो आरएनए मेणात वर्षानुवर्षं पडून राहिला की तुटत जातो, त्यामुळे जुन्या ब्लॉकमध्ये माझं जनुक कमी दिसत होतं. आणि जुन्या केसेस निवडताना आम्ही मृत्यूची तारीख मिळालेल्या फाइली घेतल्या होत्या, कारण त्या पूर्ण होत्या. नव्या बायकांपैकी बहुतेक जणी हयात होत्या. मी मोजलं होतं ते ब्लॉकचं वय. ते विश्लेषणात धरल्यावर दोन्ही रेघा एकमेकींवर येऊन बसल्या.

या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं मला विचारतात की कोणता मार्कर घ्यावा, कोणती किट, कोणतं सॉफ्टवेअर. मला वाटतं, मार्कर चौथ्या-पाचव्या नंबरावर येतो. आधी नमुना कधीचा, आयुर्मान मोजायचं घड्याळ कधी सुरू झालं, कधी थांबलं आणि ते कोणी लिहिलं, हे कळायला हवं.

असं मोठमोठ्या ठिकाणीही घडलंय. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून 2007 मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरवर एक पेपर आला. गाठीतल्या जनुकांच्या हालचालीवरून कोणत्या बाईला कोणतं औषध लागू पडेल हे ओळखता येईल, असा त्याचा दावा. पुढच्याच वर्षी एमडी अँडरसन या कॅन्सर संस्थेतल्या कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्ज यांनी दाखवून दिलं की नमुने कोणत्या बॅचमध्ये यंत्रावर चालवले आणि त्या बायका किती जगल्या, हे दोन्ही एकमेकांत गुंतलेलं होतं. पुढे 2012 मध्ये तो पेपर मागे घेतला गेला. या दोघांचं लिखाण संख्याशास्त्र नीट येत नसलं तरी वाचा. एक आकडा संशयास्पद वाटला तर त्याच्या मागे शेवटपर्यंत कसं जायचं, ते त्यात दिसतं.

आता आजाराबद्दल थोडं. अंडाशयाचा कॅन्सर हा एक आजार नाही. सर्वांत जास्त आढळतो, साधारण सत्तर टक्के, तो हाय-ग्रेड सिरस. तो बऱ्याचदा मुळात अंडाशयात सुरूही होत नाही, फॅलोपियन नलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतो. एंडोमेट्रिऑइड, क्लिअर सेल, म्युसिनस ही वेगळी घराणी आहेत, त्यांचे मार्करही वेगळे. एंडोमेट्रिऑइडमध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर असणं हे चांगलं लक्षण मानतात. तेच हाय-ग्रेड सिरसमध्ये तितकं बोलत नाही. सगळे प्रकार एकाच तक्त्यात ओतले तर मार्कर फक्त प्रकार ओळखून दाखवतो आणि आपल्याला वाटतं की त्याने आयुर्मान ओळखलं.

टीपी53, पेशींच्या वाढीला आवर घालणारं जनुक, हे नाव तुम्ही पहिल्याच दिवशी ऐकाल. कॅन्सरच्या गाठींमधली जनुकं वाचणाऱ्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास या प्रकल्पाच्या 2011 च्या अभ्यासात हाय-ग्रेड सिरसच्या 96 टक्के गाठींमध्ये त्याच्यात बिघाड सापडला. निदानासाठी हे उत्तम आहे. पण जे जवळपास सगळ्यांत आहे, ते कोण किती जगेल यातला फरक कसा दाखवणार? नवी मुलं इथे हमखास अडकतात.

त्याच टीपी53 च्या प्रथिनाची, पी53 ची, एक स्लाइड मला आजही आठवते. प्रथिन असेल तिथे तपकिरी डाग पडतो; इथे डाग बिलकूल नव्हता, गाठीच्या पेशी निळ्याशार. मी वहीत 'निगेटिव्ह, नॉर्मल' लिहिलं. आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडमनी सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या डोळ्यातून बघत बाण गाठीच्या कडेला नेला. तिथल्या साध्या लिम्फोसाइटमध्ये, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींमध्ये, आणि आधारपेशींमध्ये कुठे कुठे फिकट तपकिरी केंद्रकं होती. म्हणजे रसायन नीट चाललं होतं, निरोगी पेशींमध्ये असतो तेवढा पी53 दिसत होता. गाठीत मात्र तो पूर्ण गायब. जनुक असं तुटलं होतं की प्रथिनच तयार होत नव्हतं. सगळी केंद्रकं गडद तपकिरी असणं जितकं बिघडलेलं, तितकंच हे सगळं कोरं असणं. त्या दिवसापासून मी गाठ बघायच्या आधी तिच्या शेजारच्या पेशी बघते. आठवड्यातला एक दिवस पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसायला मिळत असेल तर तो सोडू नका. कोणत्याही ऑनलाइन कोर्समध्ये हे मिळत नाही.

मग आयुर्मानाबद्दल खरंच काही सांगतं ते काय? बीआरसीए1 आणि बीआरसीए2 या डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांबद्दल सगळ्यांत जास्त माहिती आहे. 26 अभ्यास एकत्र करून 2012 मध्ये आलेल्या विश्लेषणात पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण असं होतं: जन्मजात बिघाड नसलेल्या 36 टक्के, बीआरसीए1 बिघडलेल्या 44, बीआरसीए2 बिघडलेल्या 52. कारणही पटण्यासारखं आहे. ही जनुकं बिघडलेल्या पेशींना डीएनएची दोन्ही बाजूंनी तुटलेली साखळी नीट जोडता येत नाही, म्हणून केमोतल्या प्लॅटिनमच्या औषधांपुढे त्या लवकर हार मानतात. पण हा फायदा वर्षागणिक ओसरत जातो, बीआरसीए1 मध्ये जास्त लवकर. पाच वर्षांवर थांबलेला अभ्यास आणि दहा वर्षं चाललेला अभ्यास एकाच जनुकाबद्दल वेगळं बोलतात ते यामुळे.

इथे घड्याळाचा आणखी एक घोळ आहे, आणि मी तो परीक्षक म्हणून आलेल्या प्रबंधांमध्येही बघितलाय. समजा एखाद्या बाईचं रक्त निदानानंतर तीन वर्षांनी तपासणीसाठी घेतलं. ती पहिली तीन वर्षं जगलेली असणारच, नाहीतर ती आपल्या यादीत आलीच नसती. तिचं घड्याळ निदानाच्या दिवसापासून लावलं तर तिला तीन वर्षं फुकट मिळतात आणि मार्करला नसलेलं श्रेय. म्हणून प्रत्येकीपुढे तीन तारखा हव्यात: निदानाची, नमुना घेतल्याची आणि शेवटची माहिती मिळाल्याची. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये उशिरा आलेल्या रुग्णासाठी सोय आहे. ती वापरायला अर्धा दिवस लागतो, तारीख शोधायला महिना.

2018 मध्ये सोलो-1 या औषधचाचणीचे निकाल आले आणि बीआरसीए बिघडलेल्या बायकांना पहिल्या केमोनंतरच ओलापरिब हे औषध देण्याची वाट मोकळी झाली. आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका त्यात सुमारे 70 टक्क्यांनी घटला. अशा औषधांमुळे बीआरसीए फक्त पुढचं सांगणारा मार्कर राहिला नाही, तो औषध निवडणाराही झाला. हा फरक मुलाखतीत हमखास विचारतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 2018 च्या आधीच्या आणि नंतरच्या रुग्ण एका आलेखात सरळ मिसळता येत नाहीत.

गाठीत शिरलेल्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, हा माझा स्वतःचा आवडता विषय. 2003 मध्ये 186 गाठींवरचं काम आलं. ज्यांत टी-पेशी आत शिरलेल्या होत्या त्यांच्यात पाच वर्षांनी 38 टक्के बायका हयात होत्या, ज्यांत नव्हत्या त्यांच्यात 4.5 टक्के. पुढच्या अभ्यासांत ही दरी इतकी मोठी राहिली नाही, पण दिशा तीच राहिली. मार्करची खरी परीक्षा तीच. उलट बाजूला सायक्लिन ई1 या पेशीविभाजन पुढे ढकलणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या गाठी. त्या बीआरसीए बिघडलेल्यांपासून बहुधा वेगळ्याच असतात आणि प्लॅटिनमला नीट दाद देत नाहीत.

बरेच जनुक-संच छापून आले आणि दुसऱ्यांच्या नमुन्यांवर कोसळले. 2020 मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने 3769 बायकांच्या गाठींवरून 101 जनुकांचा संच मांडला. त्या संचावरून मिळालेल्या गुणांप्रमाणे बायकांचे पाच गट केले, तर सर्वांत चांगल्या गटाचं मध्यक आयुर्मान 9.5 वर्षं आणि सर्वांत वाईट गटाचं 2.3. या कामाबद्दल मला आदर वाटतो, कारण त्यांनी वय आणि स्टेज आधीच हिशेबात धरले होते. ऑपरेशननंतर पोटात किती गाठ उरली, ही एक ओळ ऑपरेशन नोटमध्ये असते आणि ती भल्याभल्या जनुकांना मागे टाकते. ती तुमच्या तक्त्यात नसेल तर आधी ती आणा.

प्रयोगशाळेत जागा मिळेपर्यंत वाट बघू नका. बायोकंडक्टर या आर पॅकेजांच्या साइटवर 'क्युरेटेड ओव्हेरियन डेटा' नावाचं पॅकेज फुकट आहे, अनेक अभ्यासांचे जनुक-आकडे आणि आयुर्मान एकत्र केलेले. एका संचात एक जनुक घ्या, सीमारेषा आधी ठरवा, आणि तीच न हलवता दुसऱ्या संचात लावून बघा. आलेख सर्वांत छान दिसेल तिथे सीमारेषा सरकवण्याचा मोह तुम्हालाही होईल. एकदा स्वतः करून बघितलं की दुसऱ्याच्या पेपरमध्ये ते ओळखता येतं. गाईड निवडताना मात्र थेट विचारा, की फॉलो-अपच्या तारखा कोण भरतं. त्या माणसाचं नाव कुणालाच ठाऊक नसेल तर तिथे जाण्याआधी दोनदा विचार करा.

आमच्याकडे त्या मीच भरायचे. आपल्याकडे मुंबईत उपचार घेऊन बायका जळगावला, लातूरला, सिंधुदुर्गात परत जातात आणि मग ओपीडीला येत नाहीत. फाइलवर शिक्का पडतो, 'लॉस्ट टू फॉलो-अप', म्हणजे पुढची माहिती नाही. संगणक त्यांना त्या दिवसापर्यंत जिवंत धरतो आणि पुढे गप्प बसतो. पण खर्च झेपेना म्हणून किंवा तब्येत ढासळली म्हणून जी आली नाही, तिचं न येणं योगायोग नसतं. म्हणून एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन आम्ही फोन करायचो.

बहुतेकांना तारीख आठवत नसे. दिवस पक्का आठवे. एका मुलाने सांगितलं, "गौरी गेल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आई गेली." मी त्या वर्षीचं कालनिर्णय शोधलं आणि रकान्यात तारीख लिहिली. अशा नोंदींसाठी चार-पाच वर्षांची कालनिर्णयं माझ्या खणात असायची.

मी फोन ठेवणार एवढ्यात तो म्हणाला, "ताई, एक विचारू? मावशीला पण हेच झालं होतं. माझी बहीण एकतीसची आहे. तिला काही बघायला लागेल का?"

आईच्या गाठीवरचा आमचा संशोधनाचा निकाल मी त्याला सांगू शकत नव्हते, तो त्यासाठी तपासलेलाच नव्हता. पण बहिणीला जेनेटिक कौन्सेलिंगला आणता येतं, तिथे बोलून मग रक्ताची तपासणी ठरते, आणि हे त्याच्यासाठीही आहे, कारण बीआरसीएचा बिघाड मुलग्यांकडेही येतो, एवढं मी सांगितलं.

"कोणत्या वारी यायचं?"

"मंगळवारी सकाळी. आईचा केस पेपर असेल तर बरोबर आणा, आणि मावशीचेही कागद असतील तर तेही."