वाडीवरून पुण्याच्या दवाखान्यात पेशंट न्यायचा तर

वेल्हे, भोर, मुळशीच्या डोंगरवाड्यांवर पावसात दुखणं आलं की पहिली अडचण रस्त्याची आणि दुसरी कागदांची. रस्ता आपल्या हातात नाही. कागद आहेत, म्हणून ही तयारी मृगाच्या आधीच उरकून घ्या.

घरातल्या प्रत्येकाचं आधार, रेशनकार्ड आणि आयुष्मान कार्ड झेरॉक्ससकट एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. नव्या सुनेचं, लहान बाळाचं नाव रेशनकार्डात चढलंय का ते आत्ताच बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे, पण नावच नसलं तर ऐन वेळी दवाखान्यात या योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्रही अडकतो. म्हाताऱ्यांच्या गोळ्यांची पाकिटं त्याच पिशवीत टाका. ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.

गाडीसाठी १०८, बाळंतिणीसाठी १०२. वाडीत रेंज कुठल्या टेपावर येते, झोळी उचलायला कोण चौघं येतील आणि गाडी नेमकी कुठल्या फाट्यावर थांबेल, हे आधीच ठरवा. तरुण पोरं पुण्यात कामाला असतात, त्यामुळे शेजारच्या वाडीतली दोन नावंही धरून ठेवा.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. दरवेळी थेट ससून गाठायची घाई करू नका. भाताच्या लावणीत साप चावला तर जवळच्या सरकारी दवाखान्यात फोन करून लस आहे का विचारा आणि आधी तिथेच न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते. करकचून बांधू नका, चिरू नका, साप शोधत बसू नका. हात-पाय हलू न देता माणसाला उचलून न्या. पुढे पाठवलं तर चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका. कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं ते तिच्यावर लिहून घ्या आणि पुढच्या दवाखान्यात फोन करायला सांगा. पुण्यातल्या डॉक्टरांचे उपचार त्या चार ओळींवरून पुढे सुरू होतात.

औंधच्या जिल्हा रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने त्या निर्णयात नव्हतं, म्हणून केसपेपर-तपासण्यांपुरते पैसे जवळ ठेवा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तातडीच्या पेशंटला डिपॉझिटसाठी अडवता येत नाही. तिथल्या समाजसेवकाला भेटा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मात्र आधीच काढलेला हवा.

सोबत दोघं जा, एक खाटेपाशी, एक औषध-रक्तासाठी धावायला. पेशंट बाई असेल तर त्यात एक बाई हवीच. चादर, चार्जर, भाकरी घ्या. घरी परतल्यावर डिस्चार्ज कार्ड आशाताईंना दाखवून पुढच्या तपासणीची तारीख त्यांच्या वहीत लिहायला सांगा.