कार्डाच्या मापाचं पाकीट घरी कसं करावं

हातानं कार्ड करताना मापाचं भान राहत नाही. कागद जसा उरला असेल तसा कापला जातो, वर एखादं बटण किंवा कागदी फूल चिकटतं, आणि सगळं झाल्यावर पाकिटं काढून बसलं की एकही धड बसत नाही. एकात ते अर्ध्या सेंटिमीटरनं अडतं, दुसऱ्यात खुळखुळतं. तयार पाकिटं ठरावीक मापांचीच निघतात. सी-सिक्स पाकीट ११.४ × १६.२ सेंमी, म्हणजे १०.५ × १४.८ सेंमीच्या ए-सिक्स कार्डासाठी. डीएल म्हणजे ११ × २२ सेंमीचं लांब पाकीट. आपलं कार्ड या दोन्हींच्या मधलं असलं की पंचाईत.

मी बरीच वर्षं आधी पाकीट निवडायचे आणि मग त्यात मावेल एवढंच कार्ड करायचे. त्यापेक्षा पाकीटच करायला शिकणं सोपं निघालं.

सुरुवातीला एक काम करा. घरात आलेलं एखादं तिरक्या घड्यांचं पाकीट जोडावर हळूच उसवा आणि सपाट पसरा. मधोमध आयत, चारही बाजूंना त्रिकोणी पदर. खालचा पदर वर येतो, डावी-उजवीकडचे दोन आत वळतात, वरचा झाकण होतो. या लेखात बाजूच्या दोघांना मी ‘कान’ म्हणणार आहे, बाकीचे दोन ‘खालचा पदर’ आणि ‘झाकण’. ही रचना जुनी आहे. १८४० साली ब्रिटनमध्ये टपालाचा दर पानांच्या संख्येऐवजी वजनावर ठरू लागला, तोवर पाकीट म्हणजे जास्तीचं पान आणि जास्तीचे पैसे. त्यामुळे बहुतेक लोक पत्रच घडी घालून त्यावर लाख लावत. दर बदलल्यावर पाकिटं घरोघरी आली, आणि सुरुवातीची बरीचशी अशीच, कागदाची चार टोकं मधे वळवून केलेली होती.

माप घ्या, जाडीसकट

कार्ड बंद करून लांबी, रुंदी आणि जाडी मोजा. जाडी बहुतेक जण सोडून देतात आणि तिथेच पाकीट फाटतं. बटण चिकटवलेलं कार्ड टेबलावर सपाट ठेवा, शेजारी पट्टी उभी धरा आणि सर्वांत उंच जागा बघा. ही जाडी लांबीतही मिळवायची आणि रुंदीतही, कारण पाकिटाचा कागद कार्डाला वळसा घालून मागे जातो आणि त्या वळशात जाडीएवढा कागद खर्च होतो. त्याखेरीज दोन्हींत ६ मिमी मोकळीक द्या, दोन्ही बाजूंना तीन-तीन.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. कार्ड १०.५ × १४.८ सेंमी, जाडी ३ मिमी. रुंदी १०.५ + ०.३ + ०.६ = ११.४. लांबी १४.८ + ०.३ + ०.६ = १५.७. हे पाकिटाचं माप.

कागदाचा चौरस किती मोठा हवा

पाकिटाची लांबी आणि रुंदी यांची बेरीज करा, तिला ०.७ नं गुणा, वर २ सेंमी मिळवा. ही चौरसाची बाजू.

आपल्या उदाहरणात ११.४ + १५.७ = २७.१. त्याचे ०.७ पट म्हणजे जवळजवळ १९, अधिक २, झाले २१ सेंमी. ए-फोर कागदाची रुंदी बरोबर एवढीच असते! म्हणजे साध्या ए-फोर कागदातून या कार्डाचं पाकीट निघतं आणि वर २१ × ८.७ सेंमीची पट्टी उरते. ती फेकू नका, पुढे पत्त्याला लागेल.

हा ०.७ कुठून आला? आयत चौरसात तिरका ठेवला आणि त्याचे कोपरे चौरसाच्या कडांना नेमके टेकले, तर आयताची लांबी अधिक रुंदी म्हणजे चौरसाचा कर्ण. कर्ण बाजूच्या १.४१४ पट असतो, म्हणून बाजू म्हणजे त्या बेरजेच्या ०.७०७ पट. पण एवढ्याच कागदात पदर आणि कान कडेला कड भिडतात, एकमेकांवर चढत नाहीत, मग डिंक लावणार कुठे? वरचे २ सेंमी त्यासाठी.

कागद १०० ते १२० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) घ्या. ८० चा छपाईचा कागद चालतो, पण आतलं कार्ड गडद असेल तर बाहेरून दिसतं. १५० च्या वरचा कागद घडीवर तडकतो आणि पाकीट फुगून राहतं. पहिलं पाकीट मात्र रद्दी कागदाचंच करा.

आखणी आणि घड्या

पाकिटाच्या मापाचा आयत जाड पुठ्ठ्यातून कापा, इथे ११.४ × १५.७. हा साचा. त्याच्या लांबीच्या आणि रुंदीच्या मधोमध अशा दोन रेघा मारा आणि कडेपर्यंत न्या. कार्डाभोवतीच पेन्सिल फिरवायचा मोह होतो, पण कार्ड पाकिटापेक्षा लहान आहे आणि त्यावरचं फूल पट्टीला अडतं. साचा हवाच.

चौरस कागद चांगली बाजू खाली ठेवून पसरा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा अगदी हलक्या हातानं मारा. आता साचा मधोमध असा ठेवा की त्याच्या रेघा या रेघांवर बसतील. साच्याचे चार कोपरे कागदाच्या चार कडांच्या जवळ येतील आणि चारही कडांशी सारखंच अंतर राहील. एकीकडे जास्त, एकीकडे कमी दिसलं तर साचा सरकलाय.

साचा घट्ट धरून त्याच्या चारही कडांनी रेघ दाबा. शाई संपलेलं बॉलपेन याला सर्वांत बरं, विणकामाची जाड सुईही चालते. कागद कापला जाता कामा नये, नुसती खोलगट रेघ उमटायला हवी. रेघ साच्याच्या कोपऱ्यावर थांबवू नका, पुढे कागदाच्या कडेपर्यंत न्या. साचा उचलल्यावर प्रत्येक कोपऱ्यात दोन रेघा एकमेकींना छेदतात आणि त्यांच्या बाहेर, कागदाच्या कडेला, एक छोटा त्रिकोण तयार होतो. हे चारही त्रिकोण कापून टाका. कात्रीचं टोक छेदबिंदूपर्यंत न्या, पुढे नको. एक मिलिमीटर पुढे गेलात तर तयार पाकिटाच्या कोपऱ्याला उंदरानं कुरतडल्यासारखं भोक पडतं. अलीकडेच थांबलात तर घडी अडते.

मग घड्या. आधी दोन्ही कान, मग खालचा पदर, मग झाकण. प्रत्येक घडी बोटानं आणून नखाच्या पाठीनं किंवा चमच्याच्या पाठीनं दाबा. चकचकीत कागदावर चमच्याचा ओरखडा उमटतो, तेव्हा मधे एक कोरा कागद ठेवा.

डिंक लावताना

इथे मी एकदा चांगलीच फसले. पाकीट सुबक झालं होतं, घाईनं कार्ड आत सरकवलं, झाकण बंद केलं. ज्या मैत्रिणीला पाठवलं तिला ते कार्ड बाहेर काढता येईना. मागची बाजू पाकिटालाच चिकटली होती, ओढल्यावर कागदाचा पापुद्रा निघाला. कारण नंतर कळलं. मी खालच्या पदराला टोकापर्यंत डिंक लावला होता, आणि टोकाखाली कान पोचतच नाहीत.

आपल्या उदाहरणातले दोन्ही कान आत वळवून बघा. त्यांच्या टोकांमध्ये दीड-पावणेदोन सेंटिमीटर फट राहते. खालच्या पदराचं टोक त्या फटीच्या वर, मोकळ्या जागेत येतं. तिथे लावलेला डिंक थेट आत, कार्डावर. म्हणून पदराचं टोक अडीच सेंटिमीटर आधीच छाटून टाका. आडवं सरळ छाटलं तरी चालेल, गोलाई दिलीत तर जास्त छान. वर झाकण येणारच आहे, ते कोणाला दिसत नाही.

डिंक पदराच्या फक्त दोन तिरक्या कडांना, साधारण एक सेंटिमीटर रुंदीचा, आणि अगदी कडेपासून दोन-तीन मिमी सोडून लावा. दाबल्यावर तो पसरतो. ग्लू स्टिक किंवा दोन्हीकडून चिकटणारी टेप सर्वांत बिनधोक. पांढरा पातळ गोंद पाण्यामुळे कागदाला पोचे आणतो, तो वापरायचाच असेल तर पुसटसा लावा आणि वाळेपर्यंत पाकिटात प्लॅस्टिकचा तुकडा सरकवून ठेवा. वरून जाड पुस्तक. कार्ड घालायचं ते पूर्ण वाळल्यावर.

झाकणाला ओलावून चिकटणारा थर हवा असेल तर बाभूळवर्गातल्या झाडांचा डिंक घ्या. जुनी पाकिटं आणि तिकिटं यानंच चिकटायची. एक चमचा पूड दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवा, गाळा, ब्रशनं झाकणाच्या आतल्या कडेला पातळ थर द्या आणि उघडंच वाळू द्या. वाळताना झाकण वाकतं. पूर्ण वाळल्यावर मधे कोरडा कागद घालून रात्रभर वजनाखाली ठेवलं की सरळ होतं. पाठवायच्या वेळी ओला बोळा फिरवायचा आणि दाबायचं.

लांबट कार्ड

तिरक्या चौरसाची ही पद्धत चौरस कार्डाला उत्तम आणि नेहमीच्या आयताला चांगली. लांबी रुंदीच्या दीडपटीपुढे गेली की सावध व्हा, पावणेदोन पटीपुढे तर ती वापरूच नका. झाकणाची उंची पाकिटाच्या निम्म्या लांबीहून थोडी जास्त असते, त्यामुळे लांबट पाकिटात झाकणाचं टोक खालून बाहेर डोकावतं.

अशा कार्डाला सरळ घडीचं पाकीट करा. समजा कार्ड ए-फोरचा तिसरा हिस्सा आहे, ९.९ × २१ सेंमी, आणि सपाट आहे. मोकळीक धरून पाकीट १०.५ × २१.६. कागद आडवा लागेल २१.६ अधिक दोन्ही कानांचे दोन-दोन सेंमी, म्हणजे २५.६. उभा लागेल झाकण ४.५, पुढची बाजू १०.५ आणि मागची बाजू ९, म्हणजे २४. हा ए-फोरमधून निघत नाही, मोठा कागद घ्यावा लागतो. कान फक्त पुढच्या बाजूला ठेवायचे. झाकणाच्या आणि मागच्या बाजूच्या शेजारच्या पट्ट्या कापून टाकायच्या, कापताना कड किंचित आत तिरकी घ्यायची. मग कान आत, त्यांवर मागची बाजू चिकटवायची.

या प्रकारात कागदाचा धागा, म्हणजे त्यातले तंतू ज्या दिशेनं जातात ती दिशा, बघा. कागद हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून पाहा, जिकडे तो सहज वाकतो त्या दिशेला लांब घड्या येऊ द्या. चौरसाच्या पद्धतीत सगळ्याच घड्या धाग्याला तिरक्या असतात, तेव्हा तिथे ही काळजी नाही.

फारच फुगीर कार्ड

जाडी सात-आठ मिमीच्या पुढे गेली की एक घडी पुरत नाही, पाकीट उशीसारखं दिसतं. तेव्हा साच्याला जाडी न मिळवता फक्त मोकळीक द्या, आणि साच्याभोवती जाडीएवढ्या अंतरावर दुसरी रेघ दाबा. दोन रेघांमधली पट्टी पाकिटाची भिंत होते. चौरसाचा हिशेब बाहेरच्या आयतावरून करा, म्हणजे लांबी-रुंदी दोन्हींत जाडीची दुप्पट मिळवून. कोपऱ्यातले चौकोन पूर्ण कापावे लागतात, त्यामुळे कोपरे थोडे उघडे राहतात. मला ते खटकत नाहीत.

अस्तर हवं असेल तर

नक्षीचा पातळ कागद पाकिटाच्या आतल्या आकाराचा कापा, झाकणाच्या कडेपासून अर्धा-पाऊण सेंटिमीटर आत राहील एवढा, म्हणजे डिंकाची जागा मोकळी राहील. तो आत तळापर्यंत सरकवा. मग न चिकटवता झाकण बंद करून अस्तराला घडी पाडा, आणि उघडून फक्त झाकणावरचा भाग चिकटवा. सगळीकडे डिंक लावलात तर दर वेळी झाकण उघडताना घडीवर सुरकुत्या पडतात.

पत्ता आणि टपाल

पत्ता घड्या पाडल्यावर पण चिकटवण्याआधी, पाकीट उघडं पसरलेलं असतानाच लिहा. नंतर लिहायला गेलं की आतल्या कानांच्या कडांवर पेन अडखळतं. गडद किंवा नक्षीच्या कागदावर पत्ता वाचता येत नाही, तिथे ती उरलेली पट्टी कापून चिकटवा. जुन्या कॅलेंडरच्या चकचकीत बाजूवर शाई पसरते, म्हणून ती बाजू आत आणि कोरी बाहेर घेतलेली बरी.

परदेशी पाठवायचं असेल तर पाकीट ९ × १४ सेंमीपेक्षा लहान नको, आंतरराष्ट्रीय टपालात पत्राचं किमान माप तेवढंच आहे. चौरस पाकिटं यंत्रात नीट वळत नाहीत म्हणून काही देशांत त्यांना जास्त दर लागतो, तेवढं पाठवण्याआधी विचारून घ्या.

आणि साचा टाकू नका. त्यावर पेननं लिहून ठेवा: ‘कार्ड १०.५ × १४.८, जाडी ३ मिमी, चौरस २१’. माझ्याकडे असे नऊ साचे एका जुन्या फायलीत आहेत. आता नवं कार्ड करायला घेतलं की आधी ते चाळते, आणि जवळचं माप सापडलं तर कार्डच दोन मिलिमीटर कापून त्याच्यात बसवते.