या चुका टाळा : थार-बोलेरोला ट्रॉलीचा हिच बसवताना

उन्हाळ्यात पाण्याची टाकी, पावसाळ्यात फवारणीचा पंप, पेरणीच्या दिवसांत अवजारं. खानदेशात थार, बोलेरो, स्कॉर्पिओच्या मागे काही ना काही जोडलेलं असतंच. गाडीवर लाखो रुपये घालणारा माणूस हिच, म्हणजे ट्रॉली जोडायचा गाडीमागचा सांगाडा, मात्र वेल्डिंगवाल्याकडे अर्धा दिवस गाडी लावून करून घेतो. "काही व्हत नही भाऊ" म्हणून बसवलेले हिच वर्षभरात परत येतात, आणि बहुतेकांत त्याच त्या चुका असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चेसीला, गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, थेट वेल्डिंग मारणं. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारच्या पट्टीतलं पोलाद बदलतं. पुढे प्रत्येक खड्ड्याचा हादरा त्याच पट्टीवर बसतो आणि ती थकत जाते. त्यामुळे तडा बहुतेक वेळा वेल्डिंगच्या कडेला सुरू होतो. जोड वरून जाडजूड, भक्कम दिसत असतो, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या एका बोलेरोचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. मागच्या आडव्या पट्टीला सी-चॅनल वेल्ड करून हिच केलेला, मागे हजार लिटरच्या टाकीची ट्रॉली. हजार लिटर म्हणजे नुसतं पाणीच एक टन, टाकी आणि सांगाडा वेगळा. वर रोज टाकी अर्धी रिकामी करून परत यायचं, त्यामुळे पाणी पुढे-मागे आदळत राहायचं. काही आठवड्यांनी वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी तांबूस रेघ उमटली. रंग फुटला असेल म्हणून तिच्यावर काळा रंग मारला गेला. ती रेघ म्हणजे आतून फुटणारा तडा होता आणि त्यातून गंज बाहेर येत होता. पुढे एका गतिरोधकावर सी-चॅनल बॉलसकट, म्हणजे ट्रॉली ज्यावर अडकते त्या लोखंडी गोळ्यासकट, उखडला. सुरक्षेची साखळी होती, पण तिचा हूकही त्याच सी-चॅनलला वेल्ड केलेला, म्हणून साखळी ट्रॉलीबरोबरच गेली. ट्रॉली शेजारच्या चारीत उतरली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून निभावलं.

म्हणून हिच नट-बोल्टनेच बसवा. चेसीच्या दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन बोल्ट, 12 मिलिमीटरचे, डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा दर्जा कोरलेले. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट दुकानातच ठेवा. कंपनीने ठेवलेली भोकं आधी शोधा. नवीन पाडावंच लागलं तर चेसीच्या उभ्या बाजूच्या मधोमध पाडा, वरच्या किंवा खालच्या पट्टीत कधीच नको, कारण सगळा ताण तिथेच असतो. भोकाच्या कडेला लगेच प्रायमर लावा. चेसी डब्यासारखी बंद असेल आणि बोल्ट आरपार जात असेल, तर आत बोल्टच्या मापाची नळी घाला. नळी नसली की बोल्ट आवळताना दोन्ही पत्रे आत दबतात, टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, लागल्यासारखा वाटतो आणि दोनशे किलोमीटरमध्ये सगळं सैल होतं. दोन पृष्ठभाग जिथे एकमेकांवर बसतात तिथला जाड रंग आणि गंज खरवडून काढा. 12 च्या 8.8 बोल्टला साधारण 80 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. हिचबरोबर वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावायचा. हे कंटाळ्याने टाळणाऱ्यांचेच हिच खडखडतात. साखळ्या दोन, कपलरच्या (ट्रॉलीचं बॉलवर बसणारं तोंड) खालून एकमेकींना छेद देऊन, आणि त्यांचे हूक बॉलच्या पट्टीऐवजी चेसीला बोल्ट केलेल्या मुख्य सांगाड्यात.

दुसरी चूक जिवावर बेतते. पाऊस झाला की तापीकाठच्या काळ्या जमिनीत गाडी फसते, आणि मदतीला आलेला माणूस पट्ट्याचा फास सरळ ट्रॉलीच्या बॉलला अडकवून झटका मारतो. असं करू नका. बॉल चालत्या ट्रॉलीची स्थिर ओढ घेण्यासाठी असतो. काळ्या चिखलात रुतलेल्या गाडीला चिखल आत धरून ठेवतो. त्यावर ताणला जाणारा पट्टा लावून झटका दिला की जोर कित्येक पटींनी वाढतो. बॉलचा दांडा मानेशी तुटतो आणि किलोभर लोखंड ताणलेल्या पट्ट्याच्या वेगाने थेट दुसऱ्या गाडीच्या काचेकडे जातं. अशा अपघातांत जगभर माणसं गेली आहेत. बॉलची पट्टी रिसीव्हरमधून, म्हणजे हिचच्या चौकोनी नळीतून, काढा, तिथे शॅकलची (पिन लावायच्या यू-आकाराच्या कडीची) पट्टी घाला, 16 मिलिमीटरची पिन लावा आणि 4.75 टन छापलेला शॅकल वापरा. त्याआधी फावडं घेऊन चाकांपुढचा चिखल काढा, टायरची हवा कमी करा. दहा मिनिटं खोदलं तर बहुतेक वेळा हळू ओढीने काम होतं. बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांब उभं करा.

बॉलचं माप तर अंदाजाने घेतलंच जातं. 50 मिलिमीटर आणि दोन इंच यांत जेमतेम 0.8 मिलिमीटरचा फरक. डोळ्यांना कळत नाही, कपलरला कळतो. एक पूर्णांक सात अष्टमांश इंचाचा बॉल, म्हणजे 47.6 मिलिमीटर, 50 च्या कपलरमध्ये छान बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटतो. माप बॉलच्या माथ्यावर आणि कपलरवर कोरलेलं असतं, ते जुळवा. एक इंचाच्या भोकात पाऊण इंचाचा दांडा वॉशर घालून बसवू नका. एक इंच दांड्याच्या नटाला साधारण 340 न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे मीटरभर पाइपाच्या टोकावर 35 किलोचा जोर. मनगटाने आवळलेला नट इथे चालत नाही.

वजनाची वाटणी मोजूनच करा. ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार बॉलवर यायला हवा; 800 किलोला 80. कपलरखाली लाकडाचा ठोकळा, त्याखाली धान्य मोजायचा वजनकाटा, आणि कपलर जोडल्यावर असतो त्याच उंचीवर. भार कमी असला, टाकी ट्रॉलीच्या चाकांच्या धुरीमागे (अ‍ॅक्सलमागे) गेली, की ट्रॉली शेपूट हलवायला लागते. उंच केलेल्या गाड्यांत कपलर वर उचलला जातो आणि नेमकं हेच होतं, त्यांना खाली उतरणारी पट्टी लागते. ब्रेक नसलेली ट्रॉली घेऊन कन्नडच्या किंवा तोरणमाळच्या घाटात उतरताना आधीच खालचा गिअर टाका, वळणावर जाऊन टाकू नका.

सातपुड्यातल्या कच्च्या वाटांवर नेहमी जाणाऱ्यांनी बॉलऐवजी रिंग आणि जबड्याचा हूक घ्यावा. एक चाक खड्ड्यात, एक दगडावर असतानाही तो वळतो. खडखडतो, पण तेवढं सोसावं. ट्रॅक्टरची पिन-हूक मात्र गाडीला नको. तिच्यातली मोकळीक रस्त्यावर सतत ठोके देते. ट्रॉली नसताना बॉलची पट्टी काढून ठेवा, नाहीतर ओढ्यातून वर चढताना तीच आधी टेकते. ट्रॉलीची आरटीओत नोंदणी लागते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही वाहनच आहे.

राहिली वायरिंग. सात पिनांच्या सॉकेटमध्ये पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक, तपकिरी उजवा आणि काळी डावा मागचा दिवा, निळी धुक्याचा दिवा, पांढरी अर्थिंगची. वायर सोलून टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसात हिरवा पडतो. सोल्डर करा आणि उष्णतेने आवळणारी नळी चढवा. ब्रेक दाबल्यावर ट्रॉलीचे इंडिकेटर मंद पेटत असतील तर बल्ब बदलत बसू नका, पांढऱ्या वायरचं टोक उघडून चेसीवरची जागा लख्ख घासा.