लॅम्डाचा डीएनए रिबिनीवर असा शिका

बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीवर मायक्रोबायोलॉजीची मुलं येतात ती लॅम्डा या फाजचा (जीवाणूंना लागणाऱ्या विषाणूचा) डीएनए नकला कशा काढतो, त्याच्या थीटा (गोल) आणि सिग्मा (शेपूट फुटलेला गोल) या आकृत्या घोकूनच. ‘ताई, आधी गोल, मग शेपूट’ इथवर तोंडपाठ. शेपूट कशाला, असं विचारलं की गप्प. मग मी त्यांना मंगळबाजारात पिटाळते: लाल, पिवळी आणि हिरवी रिबीन घेऊन या.

लाल-पिवळी म्हणजे डीएनएच्या दोन पट्ट्या. त्या मीटरभर कापून एकमेकींवर ठेवा, पण टोकं जुळवू नका. लाल डावीकडे बोटभर बाहेर, पिवळी उजवीकडे. ही दोन ५ प्राइम टोकं (पट्टीचं एक टोक ५ प्राइम, दुसरं ३ प्राइम), १२-१२ बेसची म्हणजे डीएनएच्या अक्षरांची, एकमेकांना पूरक. फाजच्या डोक्यात ४८,५०२ बेसजोड्यांचा डीएनए असा सरळ असतो; ई. कोलाय या यजमान जीवाणूत शिरला की टोकं जुळून गोल होतो आणि यजमानाचं लायगेझ हे सांधणारं एन्झाइम जोड पक्का करतं. तुम्ही स्टेपलर मारा. जोडावर पेनाने ‘कॉस’ लिहा.

थीटा रिबिनीने करू नका, नुसता गुंता होतो. कागदावर काढा: लॅम्डाचं ओ प्रथिन ओरीवर (नकल सुरू होण्याच्या जागेवर) बसतं, पी प्रथिन यजमानाचं हेलिकेझ (पट्ट्या सोडवणारं एन्झाइम) तिथे आणतं, नवी पट्टी घडवणारं पॉलिमरेझही यजमानाचंच. एका गोलाचे दोन.

आता सिग्मा. फक्त लाल रिबीन एका जागी कापा. तिच्या ३ प्राइम टोकाला हिरवी, म्हणजे नवी पट्टी, जोडा आणि पिवळीवरून फिरवत न्या. पुढची लाल सुटत जाईल. एक फेरी झाली की हिरवीच हिरवीला उठवते. थांबू नका, तीन-चार फेऱ्या होऊ द्या आणि दर वेळी कॉस ओलांडताना खूण करा. सुटलेल्या शेपटीखाली नवी पिवळी लावली की ती दुपदरी झाली.

मग कात्री घ्या, पण खुणेवरच चालवा. टर्मिनेझ हे लॅम्डाचं कापणारं एन्झाइम एका कॉसपासून पुढच्या कॉसपर्यंतचा तुकडा डोक्यात भरतं. सुट्या गोलावर कॉस एकच, त्यामुळे तो नीट भरला जात नाही. शेपटीचं कारण हे.

आणखी एक भानगड: शेपटीचं उघडं टोक ई. कोलायचं रेकबीसीडी एन्झाइम कुरतडतं. लॅम्डाचं गॅम प्रथिन त्याला अडवतं. परीक्षेत हे क्वचितच येतं, मी मात्र हमखास विचारते.

हीच रिबीन फाय-२९ या दुसऱ्या फाजला लावू नका. त्याचा डीएनए गोल होतच नाही. टोकाला चिकटलेल्या प्रथिनापासूनच नकल सुरू होते.