नव्या सिस्टर-ब्रदरसाठी: कोरडी दिसणारी फरशी

ड्यूटीवर रुजू झालात की सुई टोचण्याबद्दल सगळे बजावतात, पाय घसरण्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. पिवळा बोर्ड ठेवलेल्या ओल्या फरशीवर सगळेच जपून चालतात. घात करते ती कोरडी दिसणारी फरशी.

हातांवर चोळायच्या जंतुनाशकाच्या, म्हणजे हँडरबच्या डिस्पेन्सरखालची जागा बघा. दिवसभर थेंब गळतात, अल्कोहोल उडून जातं आणि हात कोरडे पडू नयेत म्हणून घातलेलं ग्लिसरीन मागे राहतं. डब्ल्यूएचओच्या सूत्रात ते जेमतेम 1.45 टक्के असतं, पण थेंबावर थेंब साचून बुळबुळीत थर बसतो. उभ्याने दिसत नाही. खिडकीच्या तिरप्या उजेडात वाकून पाहिलंत तर तेवढाच तुकडा चकाकतो. तिथे ओल्या तळव्याची चप्पल पडली की आपण आपसूक हात टेकतो आणि मनगट जातं. डिस्पेन्सरखाली ट्रे लावून घ्या, आणि ती जागा दर पाळीला साध्या पाण्याने पुसून कोरडी करून घ्या.

फ्लोअर क्लीनर अंदाजे ओतलं तरी हेच होतं. साबण वाळून बसतो, सलाइनचे दोन थेंब सांडले की पुन्हा सुटतो. लेबलवरचंच प्रमाण घ्या, दुसरी बादली साध्या पाण्याची ठेवा, शेवटी कोरडा मॉप फिरवा. कॉरिडॉर एका वेळी अर्धाच पुसायचा, म्हणजे उरलेल्या अर्ध्यातून स्ट्रेचर जातं.

सांडलेल्या पाण्यावर जुनी चादर टाकून पुढे जायचं, हा शॉर्टकट कोणी सीनियरने शिकवला तरी शिकू नका. पायाखाली चादरच सरकते. या बाबतीत वीस वर्षं वॉर्ड पुसलेल्या मावशींचं ऐका, त्यांना प्रत्येक फरशी ठाऊक असते.

पायात मागून पट्टा आणि रबरी सोल हवा. सोलची नक्षी झिजली की जोड बदला. ऑपरेशन थिएटरमध्ये हाताला लागेल ती स्लिपर न घालता आपल्या मापाची शोधा.

आणि पडलात तरी घाबरू नका, त्यात तुमचा गबाळेपणा नाही. उठून तशीच ड्यूटी मात्र रेटू नका. आधी तपासून घ्या, त्याच पाळीत इन्चार्ज सिस्टरना सांगा आणि अपघात नोंदवहीत लिहा. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल आणि अपघाताचा दिवस सोडून किमान 3 दिवस काम करता आलं नाही, तर वेतनाच्या 90 टक्के दराने भत्ता मिळतो. नोंदीत नुसतं ‘पाय घसरला’ नको. वेळ, नेमकी जागा, फरशीवर काय होतं, पायात काय होतं आणि कोणी पाहिलं, हे सगळं लिहा.